कुरुळीवरनं आत्या लिहिती की

खोली बघायला गेले तेव्हा आत्यानं मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्नाचंही विचारलं नाही. ओट्यावर बसून ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "संध्याकाळची मालिका बघतीस का?"

मी म्हटलं, "आमची शिफ्ट बदलती असते. जमेल तेव्हा बघते."

"कोनाच्या बाजूनं हायेस? थोरलीच्या का धाकटीच्या?"

कुठली मालिका हे तिनं सांगितलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. त्या वर्षी आमच्या कंपनीच्या बसमध्ये, मेसमध्ये, किराणा दुकानात एकाच मालिकेचं बोलणं चालायचं. दोन जावांची गोष्ट. थोरली जाऊ कपटी, धाकटी सोशीक. मी अंदाजानं "धाकटीच्या" म्हटलं आणि किल्ली माझ्या हातात पडली. पुढे कळलं की माझ्या आधी एक मुलगी खोली बघून गेली होती. तिनं "मी टीव्ही बघत नाही" असं सांगितलं. आत्यानं तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "टीव्ही बघत न्हाई म्हंजे दिवसभर दुसऱ्यांच्या घरात बघत असंल," असा तिचा हिशेब.

मी लातूरकडची. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर काम करायचे. कुरुळीत आत्याच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, एका ओळीत, समोर लांबलचक ओटा आणि ओट्याच्या टोकाला तिची स्वतःची खोली. जागा तिच्या भावानं तिच्या नावावर करून दिलेली. ती गावची लेक. लग्न होऊन गेली आणि थोड्या वर्षांत परत आली ती कायमची. त्यामुळे ती अख्ख्या गावाची आत्या. भाडेकरूंची आत्या, दूधवाल्याची आत्या, बँकेतल्या साहेबांचीही आत्याच. तिला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सासरहून का आली, हे कुणी विचारत नसे आणि तीही सांगत नसे.

उंच, काटक बाई. चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून त्यात मोबाइल ठेवलेला आणि ती पिशवी गळ्यात. मालिकेच्या वेळी ओळीतल्या कुठल्याही खोलीत मिक्सर लावायचा नाही, पाण्याची मोटर चालू करायची नाही, भांडणही करायचं नाही. एकदा शेजारच्या नवरा-बायकोचं ऐन मालिकेत जुंपलं, तर आत्या दारात जाऊन म्हणाली, "जाहिराती लागूस्तोवर थांबा की. मी बी येते ऐकायला."

टीव्हीसमोर बसून शिव्या देणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघत आले आहे. आमची आजी तर बातम्या देणाऱ्यालाही सोडत नसे. पण आत्याला ते पटायचं नाही. "हितं बसून वरडायचं, तिला काय ऐकू जातंय? बोलायचं तर पोचलं पायजे." भाच्यानं तिच्या मोबाइलवर मालिकेचं पेज काढून दिलं आणि खाली कमेंट कशी टाकायची ते दाखवलं, त्या दिवसापासून आत्याचं बोलणं पोचायला लागलं. समोर टीव्ही, हातात फोन. एक डोळा थोरलीवर, एक डोळा कमेंटींवर.

आत्याला वाचता यायचं, पण बोटांनी लिहायचा कंटाळा. भाच्यानं तिला माइकचं बटण दाबून बोलायला शिकवलं होतं. फोनला मात्र आत्याची भाषा झेपत नसे. एकदा ती थोरलीला म्हणाली, "भवाने, तुजं चांगलं व्हनार न्हाई." फोननं लिहिलं, "भवानी पेठ तुझं चांगलं वनार नाही." पुण्यातल्या दोघातिघांनी खाली विचारलं, आमच्या पेठेनं तुमचं काय वाकडं केलं? आत्यानं प्रत्येकाला उत्तर दिलं, तेही बोलून. त्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

अशा रीतीनं मी तिची लेखनिक झाले. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात मी संध्याकाळी मोकळी असायचे. ती सांगायची, मी टाइप करायचे, मग वाचून दाखवायचं. पहिल्याच दिवशी तिनं मला पकडलं.

"मी 'न्हाई' म्हनले. तू 'नाही' का वाचलंस?"

"शुद्ध करून लिहिलं, आत्या."

"मी काय शाळेत बसलीय का? कोन बोलतंय ते कळू दे की तिला."

तेव्हापासून मी तिचं बोलणं जसंच्या तसं लिहायला लागले. कमेंट ती पत्रासारखीच सांगायची. सुरुवात ठरलेली, "कुरुळीवरनं आत्या लिहिती की". मध्ये मजकूर. शेवटी, "घरच्यांना नमस्कार. तुला न्हाई."

तिच्या शिव्या ऐकण्यासारख्या असत. घाण शब्द एक नाही. "तुज्या भाकरीला कधी पापुद्रा न येवो." "ऐन लग्नात तुज्या निऱ्या सुटोत." "तू गॅस लावायला जाशील आन सिलिंडर संपलेला आसंल, आन दारात पाव्हनं आसतील." थोरलीनं धाकटीचे दागिने लपवले त्या दिवशी आत्यानं लिहिलं, "तुज्या कानातलं एकच हरवंल. दोन्ही हरवायचं सुख तुला न्हाई." आमच्या बसमधल्या बायका कंपनीच्या गेटपर्यंत तिच्या कमेंटी एकमेकींना वाचून दाखवायच्या. ज्यांचा भाग चुकायचा त्या आत्याची कमेंट वाचून काय घडलं ते ओळखायच्या.

धाकटीलाही ती सोडायची नाही. धाकटी स्वयंपाकघरात उभी राहून रडत होती आणि मागं दूध उतू जात होतं, तेव्हा आत्या माझ्यावर अक्षरशः ओरडली. "लिही, लिही! आधी गॅस बंद कर गं बाई, मग रड. रडाया वेळ पुष्कळ हाय, दूध तेवढंच हाय."

लोक तिच्या कमेंटींना लाइक करायचे. पहिल्यांदा अंगठ्याची ती खूण दिसली तेव्हा आत्या बिथरली. "ह्यो कोन मला ठेंगा दाखवतोय?"

"ठेंगा नाही आत्या, त्याला आवडलं."

"आवडलं तर तोंडानं सांगावं की. अंगठा काय दाखवायचा?"

आणि हसणारे चेहरे टाकणाऱ्यांची ती झाडाझडती घ्यायची. "का हसतोस रे? तुज्या भनीला अशी जाऊ मिळाली तर हसशील का?" त्यावर तो बिचारा "सॉरी आत्या" लिहायचा. मग ही त्याचं गाव विचारायची. परभणी, सांगली, मालवण, कुठकुठली पोरं तिला आत्या म्हणत होती. त्यातला एक शेजारच्याच निघोज्यात राहणारा निघाला तर तिनं त्याला जेवायला बोलावलं. तो आलासुद्धा.

मालिकेवाले मधूनमधून पेजवर प्रश्न टाकायचे. 'धाकटीनं थोरलीला माफ करावं का? होय की नाही?' आम्ही सगळे पटकन बटण दाबून मोकळे व्हायचो. आत्या मात्र त्याला मतदान म्हणायची. तिनं संध्याकाळी सगळ्या भाडेकरूंना ओट्यावर जमवलं, प्रत्येकाचं म्हणणं ऐकलं, एका वेल्डरला "तू नीट बघत न्हाईस, तुला मत न्हाई" म्हणून बाद केलं, आणि मग दिवा लावून झाल्यावर 'नाही'वर बोट ठेवलं. नाही जिंकलं. भरपूर मतांनी जिंकलं. दुसऱ्या दिवशी मालिकेत धाकटीनं थोरलीला माफ केलं.

आत्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "मत मागितलं कशाला मग? आमच्या पंचायतीच्या इलेक्शनला निदान मटन तरी मिळतं."

तिला ही मालिका म्हणजे कुणीतरी बसून लिहिलेली गोष्ट आहे हे ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. सगळं ठाऊक होतं. तिथं कॅमेरे असतात, घर खोटं असतं, दिवाळी उन्हाळ्यात उरकतात, हे ती मलाच सांगायची. पण थोरली पडद्यावर आली की तिचं ते ठाऊक असणं कुठंतरी बाजूला जायचं. जबडा आवळायचा. पदर कमरेला खोचायची. मला वाटायचं हा म्हातारपणीचा करमणुकीचा भाग आहे.

मग तो जिन्याचा भाग आला.

धाकटीला दिवस गेले होते. थोरलीनं जिन्यावर तेल सांडून ठेवलं. त्या आठवड्यात माझी दुसरी शिफ्ट होती, मी लाइनवर होते. आत्या एकटीच बघत होती. तिनं माइकचं बटण दाबलं आणि थोरलीला शिवी दिली. नेहमीसारखी भाकरीची, सिलिंडरची नव्हे. तिच्या पोटच्या पोराची शिवी. पोर जगू नये अशी. आणि एरवी प्रत्येक शब्दाची वाट लावणाऱ्या त्या फोननं त्या दिवशी अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलं.

मी ती कमेंट दुसऱ्या दिवशी वाचली. म्हटलं, "आत्या, हे जरा जास्त झालं."

"जिन्यावर तेल वतलं तिनं!" आत्या म्हणाली. "तू बघितलं न्हाईस."

थोड्या दिवसांनी, गुरुवारी, आमची आठवड्याची सुट्टी होती. मालिकेत थोरलीचं काम करणारी नटी दुपारी पेजवर लाइव्ह येणार होती. आत्यानं सकाळपासून घोकून ठेवलं होतं, तिला काय काय विचारायचं ते. मी फोन उभा करून ठेवला. पडद्यावर एक साधा कुर्ता घातलेली, केस वर बांधलेली, डोळ्यांखाली काळं आलेली बाई दिसली.

"ही कोन?" आत्यानं विचारलं.

"थोरलीच आहे."

"ह्या! ही तर लेकुरवाळी दिसती." आणि खरंच, मागं एक लहान मुलगी पलंगावर उड्या मारत होती. नटीनं तिला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि बोलायला लागली. आवाज मालिकेतला नव्हता. हळू होता.

म्हणाली, "तुम्ही मला शिव्या देता, त्याचा मला आनंदच आहे. काम चांगलं होतंय असं वाटतं. पण एक सांगायचं होतं. माझी मुलगी यंदा वाचायला शिकली. जोडाक्षरंसुद्धा. परवा माझा फोन घेऊन ती मोठ्यानं वाचत होती, आणि मला म्हणाली, आई, मी मरावं असं ह्या आजी का म्हणतात?"

मग तिनं ती कमेंट वाचून दाखवली. नाव घेतलं नाही. फक्त मजकूर वाचला. "कुरुळीवरनं" हा शब्दसुद्धा गाळला.

 लाइव्ह संपलं, पडदा काळा झाला, तरी ती त्या काळ्या पडद्याकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "तिला लेक हाय? खरोखरची?"

"हो ना. दिसली की मघाशी."

"थोरलीला तर मूल न्हाई. मालिकेत न्हाई." हे ती मला सांगत नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं टीव्ही लावला नाही. ओळीतल्या बायकांना वाटलं आत्या आजारी पडली. एक जण विचारूनही गेली. मी कढी-भात घेऊन गेले तर ती ओट्यावरच बसलेली. मला बस म्हणाली. आणि पहिल्यांदा, आपण होऊन, सासरचं बोलली.

"मला बी थोरली जाऊ व्हती. जिन्याचं घर न्हवतं आमचं, चुलीपाशीच बोलली ती. मला सातवा लागला व्हता. भांडन कशाचं, तर पिठाचं. म्हनली, तुजं पोर जगायचं न्हाई. हेच. ह्याच शब्दात." तिनं ताट बाजूला सारलं. "न्हाई जगलं. मग मला ठेवून घ्यायला कोन तयार व्हतं तितं? दादा आला आन घिऊन आला."

 कढी गार होत होती.

"तिच्या बोलन्यानं मेलं असं न्हाई," आत्या म्हणाली. "तेवढं कळतं मला. पन मी तिचे शब्द जपून ठिवले बघ. आन इतक्या वर्सांनी काढून दिले कुनाला, तर त्या पोरीला."

मी म्हटलं, "कमेंट पुसून टाकू या. लगेच जाते."

"पुसून काय व्हतंय? वाचली ना तिनं. जितं बोलले तितंच माफी मागायची. लिही."

मी लिहिलं. "कुरुळीवरनं आत्या लिहिती की, तुज्या लेकराला बोलले ते चुकले. तुला मूल हाय हे मला म्हाईत न्हवतं, पन म्हाईत नसलं तरी बोलायचं न्हवतं. लेकराला उदंड आयुष्य मिळो. घरच्यांना नमस्कार. तुला बी."

खाली लगेच गर्दी जमली. "आत्या पलटी मारली." "चॅनेलनं किती दिले?" "म्हातारी घाबरली." एरवी आत्या प्रत्येकाला उत्तर द्यायची. ह्या वेळी तिनं एकालाही दिलं नाही. दोन दिवस ती नटीचं उत्तर येतं का ते बघत राहिली. माफी शेकडो कमेंटींच्या खाली गाडली गेली होती. उत्तर आलं नाही.

"पोचलं न्हाई," आत्या म्हणाली. एवढंच.

पुढच्याच महिन्यात चाकणच्या चौकात साड्यांच्या एका नव्या दुकानाचा बोर्ड लागला आणि त्यावर थोरलीचा फोटो. उद्घाटनाला ती स्वतः येणार होती, गुरुवारी. आत्यानं बोर्ड भाच्याच्या पिकअपमधून जाताना बघितला आणि तिथंच गाडी थांबवली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती पिंपरी कॅम्पातल्या बाजारात गेली. लहान मुलीचा फ्रॉक घ्यायचा होता. माप माहीत नव्हतं. वाचायला शिकलेली मुलगी म्हणजे एवढी, असा हात धरून तिनं दुकानदाराला उंची दाखवली. त्यानं विचारलं, "नात का?" आत्या म्हणाली, "व्हय." पिवळा फ्रॉक, छातीवर पांढरी फुलं. घरी आणल्यावर तिनं त्याचा घेर तपासला, खाली दुमड कमी वाटली म्हणून आणखी कापड जोडून शिवून घेतली.

उद्घाटनाच्या दिवशी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे चौक माणसांनी भरलेला. दुकानासमोर मांडव, स्पीकरवर गाणी. थोरली आली ती नेहमीच्या रूपात, जरीची साडी, मोठं कुंकू, मालिकेत असते तशी. लोकांना तीच हवी होती. पोरं ओरडत होती, "ए थोरले, धाकटीला कुठं कोंडलंस?" ती हसत होती, हात जोडत होती. फीत कापून झाल्यावर सेल्फीसाठी रांग लागली. आम्ही त्या रांगेत. भाचा पुढं वाट काढतोय, आत्या मध्ये, तिच्या काखेत फ्रॉकची पिशवी.

आमच्या पुढं एक चांगली नटूनथटून आलेली बाई होती. तिनं थोरलीच्या दंडाला मिठी मारली, फोन वर धरला, आणि हसत हसत तिच्या दंडाला चिमटा काढला. साधा नव्हे, पिळून. "लई छळतीस ना तिला? घे!"

नटीचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांत टचकन पाणी आलं. रांगेतले लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "अजून एक घ्या!"

आत्याचा आवाज मी तोपर्यंत ओट्यावरच ऐकला होता. तो शेतातून शेतात हाक मारायचा आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"ए बाई! हात काढ तिच्यावरनं!"

स्पीकरवरचं गाणं चालूच होतं, तरी सगळे वळले. आत्या रांग सोडून पुढं गेली आणि नटी आणि त्या बाईच्या मध्ये उभी राहिली. "लाज वाटत न्हाई? लेकुरवाळी बाई हाय ती."

बाई म्हणाली, "अहो, गंमत केली. आणि ती काय कमी आहे का? रोज बघतो आम्ही, कशी वागते ती."

"ती पगार घिऊन वाईट वागती," आत्या म्हणाली. "तू फुकट वागतीस व्हय?"

 मग कंपनीच्या टी-शर्टातला एक पोरगा खो-खो हसायला लागला, त्याच्या मागं दुसरा, आणि त्या बाईनं फोन पर्समध्ये टाकून काढता पाय घेतला. तेवढ्यात कुणीतरी ओळखलं. "अरे, बोलणं बघ! ही तर कुरुळीची आत्या!" झालं. सगळे फोन आत्याकडे वळले. आत्या, जिनं महाराष्ट्रभरच्या लोकांना फोनवरून सुनावलं होतं, ती समोरचे ते फोन बघून घाबरली आणि पदर तोंडावर घेऊन भाच्याच्या मागं जायला लागली.

नटीनं तिचा हात धरला. "तुम्ही आत्या?"

दुकानदार शहाणा माणूस होता. त्यानं आम्हाला मागच्या खोलीत नेलं, जिथं साड्यांचे गठ्ठे ठेवले होते. कूलर लावला. पाणी दिलं. नटी एका गठ्ठ्यावर बसली, आत्या उभीच.

"मी ते बोलले व्हते," आत्या म्हणाली. "तुज्या लेकराला. मीच ती."

"माहीत आहे मला," नटी म्हणाली. तिचा हात दंडावर होता, चिमटा काढला होता तिथं. "तुमची माफीही वाचली होती. उत्तर द्यावं असं वाटेना. जिन्याच्या त्या भागाखालीच होती ना ती कमेंट, माझी मुलगी त्यानंतर जिना उतरायला घाबरायची, आत्या. माझा हात धरल्याशिवाय उतरत नव्हती."

आत्यानं मान खाली घातली. सारवासारव केली नाही. सासरचं, चुलीपाशीचं, त्यातलं एक अक्षर तिनं तिथं काढलं नाही. नंतर मी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तिनं का ऐकावं? माजं दुख माजं. तिला कशाला त्याचा भार?"

तिथं मात्र ती एवढंच म्हणाली, "बोललेलं माघारी येत न्हाई. पन मी ते माघारी न्यायला आले." आणि पिशवी पुढं केली.

नटीनं फ्रॉक बाहेर काढला. उलगडला. हवेत धरून बघितला. आणि मग, आम्हाला वाटलं रडते की काय, तर ती हसली. "आत्या, लहान होईल हो हा. ताडमाड वाढलीय ती. बाबांवर गेलीय."

"दे हिकडं," आत्या लगेच म्हणाली. "खाली दुमड ठिवलीय मी." गठ्ठ्यावर फतकल मारून बसली, चष्मा सरळ केला आणि दातांनी टाका तोडून शिवण उसवायला लागली. बाहेर स्पीकर वाजतोय, दुकानदार दारातून "मॅडम, लोक थांबलेत" म्हणतोय, आणि महाराष्ट्राची थोरली जाऊ जरीच्या साडीत फ्रॉकचं एक टोक ताणून धरून बसलीय, आत्या दुसऱ्या टोकाचे दोरे काढतेय. "इस्त्री मार घरी गेल्यावर," आत्या सांगत होती. "न्हाईतर दुमडीची खून दिसंल."

त्यानंतर आत्याच्या कमेंटींना वेगळंच वळण लागलं. मालिकेतली थोरली काही सुधारली नव्हती. तिनं मधल्या काळात एक खून पचवला होता आणि सासऱ्यांची सही चोरली होती. आत्याही तिला सोडत नव्हती. पण आता कमेंटीचे दोन भाग असायचे. "कुरुळीवरनं आत्या लिहिती की, भवाने, सासऱ्याला फसवतीस? तुज्या लोनच्याला बुरशी येवो. खोकला झालाय का गं तुला? आवाज बसलेला वाटला. हळद-दूध घे. लेकीची परीक्षा कशी झाली?" वाचणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची. आणि गंमत म्हणजे, बघता बघता बाकीचेही तसंच लिहायला लागले. आधी भरपूर शिव्या, मग "जेवलीस का ताई?" नटी कधीमधी उत्तर द्यायची. एकदा तिनं पिवळ्या फ्रॉकमधल्या मुलीचा पाठमोरा फोटो आत्याला वेगळा पाठवला. आत्यानं तो मोठा करून आधी दुमडीची खूण दिसते का तेच बघितलं.

मालिका संपली. थोरली तुरुंगात गेली, धाकटीचं भलं झालं. माझंही लग्न ठरलं, मी कुरुळी सोडून मोशीला राहायला आले. पण लेखनिकाचं काम काही सुटलं नाही. आत्या फोन करते, सांगते, मी इकडून लिहून तिला पाठवते, ती तिकडून टाकते.

परवा तिचा फोन आला. त्या नटीची नवी मालिका सुरू झाली आहे. ह्या वेळी ती नायिका आहे, सोशीक, देवभोळी, सगळ्यांचं ऐकून घेणारी. मला वाटलं आत्या खूश असेल.

"कसली खूश!" आत्या म्हणाली. "हिला गोड वागायला जमतच न्हाई गं. परवा सासूनं तोंडावर पानी मारलं तर ही हात जोडून उभी. मला वाटलं आता झिंज्या उपटंल, तर कसलं काय. लिही."

"काय लिहू?"

"कुरुळीवरनं आत्या लिहिती की, बाळा, तुजं सोसनं बघवत न्हाई. तू वाईट व्हतीस तेच बरं व्हतं. तुला शिव्या दिऊन झोप चांगली लागायची. पुढच्या टायमाला वाईटच हो. घरच्यांना नमस्कार, लेकीला पापा."

मी म्हटलं, "आत्या, वाईट वाटेल तिला. पहिल्यांदा मोठं काम मिळालंय."

"तारीफ हाय ही. तिला कळंल."

तिला कळलं. तासाभरात उत्तर आलं. "आत्या, मलाही तेच हवंय हो! रडून रडून डोळे सुजले. निर्मात्यांना सांगा ना तुम्हीच."

ते वाचल्याबरोबर आत्यानं मला पुन्हा फोन केला. मागं पदर कमरेला खोचल्यासारखा आवाज येत होता, म्हणजे मला तरी तसं वाटलं.

"ए पोरी," ती म्हणाली, "ह्यो निर्माता कोन? त्याचं पेज काढ."